आंब्याखालची जमीन झाकायची तर: मंडो ग्रास, मंडूकपर्णी की कार्पेट ग्रास?

आंब्या-फणसाच्या दाट सावलीत हरळीची हिरवळ फार काळ टिकत नाही, कारण हरळीला दिवसातले निदान पाच-सहा तास ऊन लागते. ते मिळाले नाही की ती विरळ होते आणि मोकळ्या पडलेल्या जागेत शेवाळ धरते. तिच्याऐवजी काय लावावे हे ठरवताना बहुतेक जण सावली किती दाट आहे तेवढेच पाहतात. माझ्या मते मे महिन्यात त्या जागेला पाणी मिळणार की नाही, हा प्रश्न आधी विचारावा.

पाण्याची खात्री नसेल, तर मंडो ग्रास बरे. नावात ग्रास असले तरी हे गवत नव्हे, शतावरीच्या कुळातील पूर्व आशियाई वनस्पती आहे. तिची अरुंद, गर्द हिरवी पाने कापावी लागत नाहीत आणि एकदा मुळे धरली की थोडा ताणही ती सोसते. मात्र वाढ अतिशय संथ असते. अर्ध्या वितीच्या अंतराने फुटवे लावले, तरी जमीन झाकली जायला वर्ष-दोन वर्षे जातात, आणि तोवर तण हातानेच उपटावे लागते. रोपेही पुष्कळ लागत असल्याने सुरुवातीचा खर्च या पर्यायात सर्वाधिक आहे.

मंडूकपर्णी याच्या अगदी उलट आहे. ओलसर जागी ती आपसूक उगवते, आडव्या खोडाच्या पेरापेरांना मुळे फुटत जातात आणि एका पावसाळ्यात ती बरीच पसरते. (रोपवाटिकेत ती अनेकदा ब्राह्मी म्हणून मिळते, नीरब्राह्मी वेगळी.) विहिरीलगत किंवा नळाजवळ हिच्याइतकी स्वस्त आणि देखणी निवड नाही, पण देशावरच्या उन्हाळ्यात पाणी तुटले की ती वाळते. पानांची चटणी करायची असेल, तर साबणाचे पाणी तिकडे वळवू नये.

मुले खेळणार असतील, तर या तिघांत चालण्याजोगे एकच, रुंद पानांचे कार्पेट ग्रास. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत ते चांगले धरते. पावसाळ्यात अधूनमधून कापावे लागते, म्हणून ‘बिनकष्टाचे’ म्हणणे थोडे धाडसाचे ठरेल.

जमिनीवर पसरणारा वेडेलिया मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, शिवाय ज्या पिवळ्या फुलांसाठी तो लावायचा ती दाट सावलीत कमीच येतात.

निवड कोणतीही असो, लागवड पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर करावी. आंब्याची वरची मुळे कुदळीने तोडू नयेत. त्यांच्यामधल्या फटींत कुजलेले शेणखत भरून रोपे लावावीत आणि बुंध्याला मातीची भर देऊ नये.