कॅलेथियासाठी ह्युमिडिफायर: फेब्रुवारी ते ऑक्टोबर वापरून

कॅलेथिया या शोभेच्या झाडाला दमट हवा मिळावी म्हणून घेतलेल्या ह्युमिडिफायरमधून ऐन मे महिन्यात धुकं येणं बंद झालं. दिवा लागतो, आतला पंखा फिरतो, पाणी मात्र ढिम्म. पणजीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला: "मॅडम, जड पाण्याने डिस्क गेली. वॉरंटीत बसत नाही. साडेसातशे होतील." हे झालं नसतं तर यंत्राबद्दल मी दोन ओळी लिहून मोकळी झाले असते.

यंत्र नेहमीचंच: अल्ट्रासॉनिक (तळाची डिस्क थरथरून पाण्याचं धुकं करते), चार लिटरची टाकी, वरून पाणी भरायचं, समोर दमटपणाच्या टक्केवारीचा निळा आकडा. साडेतीन हजार मोजले. गोव्यात राहून हवेत पाणी सोडायला पैसे मोजते म्हणून घरात भरपूर चेष्टा झाली. सासूबाईंचं म्हणणं, "फोंड्याला कुळागरात हळदीच्या शेजारी लाव की. इथे कशाला कोंडून घातलंयस?" कुळागर म्हणजे त्यांची सुपारीची सावलीची बाग, त्यांचं चूक नाही. कॅलेथिया हळदीच्याच गणातली. पानंही तशीच रुंद, फक्त पातोळ्या करायच्या नाहीत. पण आमचा पर्वरीचा फ्लॅट पश्चिमेला तोंड करून आहे, बाल्कनीत दुपारच्या उन्हात पानं करपतात. सावलीची एकच खोली, तिथे मी काम करते, आणि मार्चपासून तिथे एसी चालतो. बाहेर सत्तर-पंचाहत्तर टक्के दमटपणा असो, एसीखाली तो पन्नासच्या आसपास येतो. पानांच्या कडा तपकिरी होतात, खालून लाल कोळी ही कीड लागते.

आता तो निळा आकडा. दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. ऑटोवर साठ टक्के लावलं की काही मिनिटांत आकडा अठ्ठ्याऐंशी दाखवतो आणि यंत्र खूश होऊन बंद पडतं. झाडाजवळ हवा कोरडीच. कारण सेन्सर यंत्राच्या पोटात, धुक्याच्या तोंडाखाली बसवलाय. गार, जड धुकं खाली उतरतं आणि हा स्वतःचाच श्वास मोजून समाधान मानतो! असलं डिझाइन मंजूर कोण करतं?

मी चारशे रुपयांचा दमटपणा मोजणारा सुटा मीटर आणला. तो तरी खरा कशावरून? बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं (विरघळवायचं नाही), मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं. साधारण 25 अंश तापमानाला त्या डब्यात 75 टक्के दमटपणा होतोच, डबा कुठलाही असो. माझा मीटर त्र्याहत्तर दाखवत होता. म्हणजे त्या पातळीला दोनच टक्क्यांची चूक. मग यंत्र उंच स्टुलावर नेलं, ऑटो बंद केलं आणि मीटर पानांच्या उंचीला लटकवला. तेव्हा कुठे साठ दिसायला लागले. पानांवर स्प्रे मारणं आणि कुंडीखाली खडे-पाण्याची थाळी हे दोन्ही करून पाहिलंय. स्प्रेचा परिणाम काही मिनिटांत उडतो, थाळीने मीटर जेमतेम हलतो.

एप्रिलमध्ये यंत्राबद्दलचं माझं मत फिरलं, ते एसीच्या बादलीमुळे. यंत्र ताशी पाव लिटर पाणी हवेत सोडतं. एसीचं थंड कॉइल तेच पाणी पकडून पाइपातून बाहेरच्या बादलीत टाकतं. एक भरतो, दुसरा उपसतो, वीजबिल मी भरते. यंत्राचे पंचवीस वॅट किरकोळच, पण ती वाफ पुन्हा पाणी करायला एसीला जादा राबावं लागतं, त्याचा हिशोब कोणी लावत नाही. एसी 24 वरून 27 वर नेला, सोबत छताचा पंखा लावला, तर यंत्र बंद असतानाही मीटर पन्नासच्या खाली जाईना. म्हणजे साडेतीन हजारांचं निम्मं काम रिमोटने केलं, फुकटात.

बादलीचं पाणी यंत्रात घालू नका. कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात असते, आणि अल्ट्रासॉनिक पाणी उकळत नाही, जसंच्या तसं बारीक करून तुमच्या छातीत पाठवतं. झाडाच्या मुळांना मात्र तेच घालते. त्यात क्षार जवळपास नसतात, आणि पानांची टोकं जळण्यात दमटपणाइतकाच क्षारांचाही हात असतो.

डिस्कचं पुढे काय झालं? 'जड पाणी' हे मला पटेना. आपल्या जांभ्या दगडाच्या मुलखातलं विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं. पण मेमध्ये सोसायटीला टँकर लागले होते आणि ते पाणी कुठल्या बोअरचं, देव जाणे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरी पूड बसत होती, ती त्याचीच. डिस्कवर तोच पांढरा थर. शेजारणीकडचं माडाचं व्हिनेगर दोन चमचे ओतलं, अर्धा तास ठेवलं, मऊ ब्रशने पुसलं, स्वच्छ पाण्याने धुतलं. धुकं सुरू! दिवसभर खोलीला सोरपोतेलचा (व्हिनेगर घातलेल्या गोव्याच्या मटणाचा) वास आला, पण साडेसातशे वाचले. हे मॅन्युअलमध्येही लिहिलेलं आहे. सर्व्हिसवाल्याने ते वाचलेलं नाही, किंवा वाचलंय म्हणूनच बोलला नाही.

जूनपासून यंत्र माळ्यावर. पावसात मीटर नव्वदच्या वर, कपाटातल्या चपलांना बुरशी. तेव्हा कॅलेथियाला उलटी काळजी लागते: माती सुकत नाही, चिलटं होतात, पाणी कमी द्यायचं आणि पंखा चालू ठेवायचा. कुंडीतून एक फुटवा वेगळा करून सासूबाईंच्या कुळागरात सुपारीखाली लावला. त्याच्या पानांना एकही तपकिरी कड नाही. गोगलगायींनी भोकं पाडलीत, ते वेगळं. घरातल्या झाडाची जळलेली टोकं काही हिरवी झाली नाहीत, होतही नसतात, पण मेनंतरची सगळी नवी पानं अखंड आली.

घ्यावं का? एसी सोळा-अठरावर ठेवून झोपणाऱ्यांनी घ्या, नाहीतर मीटर घ्या आणि थांबा. जानेवारी-फेब्रुवारीत मतलई वारे सुटले की दुपारी थोडं कोरडं होतं, तेवढं झाड सोसतं. माझं विकायला काढलंय, बाराशे सांगितलेत. पर्वरी-म्हापसा भागात आणून देईन. डिस्क स्वच्छ आहे, टाकीला ओरखडा नाही, आणि आकड्यावर मी काळी टेप चिकटवली आहे, ती काढू नका.