चार दशांशांचा काटा: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या सोलापूरच्या कॉलेजात 220 ग्रॅम क्षमतेचा, 0.1 मिलिग्रॅमपर्यंत (म्हणजे ग्रॅमचे चार दशांश) वाचणारा वजनाचा काटा आला. खरेदीच्या वेळी मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते: आतल्या वजनाने स्वतः कॅलिब्रेट होणाराच, म्हणजे आकडा स्वतःच जुळवून घेणाराच घ्यायचा. बाहेरून वजन ठेवून जुळवायचा स्वस्तात मिळत होता, पण पोरांचे हात लागून ते वजन किती दिवस स्वच्छ राहणार?

पहिल्याच दिवशी हट्ट कामी आला. 100 ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलं, तर आकडा 99.9851. काटा मुंबईत जुळवून आला होता. सोलापूर साडेचारशे मीटर उंचावर आणि थोडं दक्षिणेला, म्हणून गुरुत्वाकर्षण किंचित कमी. कॅलिब्रेशनचं बटण दाबलं आणि फरक गेला. (कपाटातल्या जुन्या दोन पारड्यांच्या काट्याला ही भानगडच नाही; दोन्ही पारड्यांवर ओढ सारखीच, म्हणून त्याला मुंबई-सोलापूर सारखंच.)

खरा त्रास जागेचा. आधी लाकडी टेबलावर ठेवला होता. शेजारून कुणी चाललं तरी शेवटचा आकडा नाचायचा. कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला, त्यावरचा पंखा काढायला लावला, तेव्हा कुठे स्थिरावला. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

पावसाळ्यात कॉस्टिक सोडा तोलताना आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. मुलं काट्याला दोष देतात. सोडाच हवेतला ओलावा ओढतो, काटा बिचारा खरं तेच सांगतो. थंडीत उलटा प्रकार: कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या वेइंग बोटवर (पदार्थ तोलायच्या छोट्या तबकडीवर) स्थिर विद्युत जमते आणि आकडा ठरतच नाही. काचेची वेइंग बॉटल घेतली की प्रश्न मिटतो. गरम क्रुसिबल (पदार्थ तापवायची छोटी वाटी) थेट ठेवाल तर हवा वर जाते आणि वजन कमी दिसतं. एका पोराचं निकेलच्या प्रयोगाचं उत्तर त्यातच गेलं.

विक्रेते सांगत नाहीत ते एक: 0.1 मिलिग्रॅम दिसतं म्हणून 10 मिलिग्रॅम तोलू नका. अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) हिशोबाने अशा काट्यावर किमान वजन, तो कितीही चांगला वागला तरी, 82 मिलिग्रॅम. आम्ही आता जास्त तोलून द्रावण पातळ करतो.

तक्रारी दोन. काचेच्या दाराच्या खाचेत पावडर अडकते, ब्रशनेही निघत नाही. आणि वीज गेली की पुन्हा तासभर गरम होऊ द्यावा लागतो, तोवर प्रॅक्टिकलची अर्धी वेळ संपते. घेणार असाल तर यूपीएसचे पैसे त्याच बिलात धरा; आम्हाला वेगळी मंजुरी मिळायला दिवाळी उजाडली.