'मुंबई दर्शन'च्या नावाखाली १२,९०० रुपये गेले

आधी आकडा सांगतो, १२,९०० रुपये. त्यातले ११,१०० आगाऊ, माणशी १,८५० प्रमाणे सहा जणांचे. उरलेले १,८०० गेटवेसमोर रोख.

आंब्याचा हिशेब मिटला की आई-बाबांना एकदा मुंबई नीट दाखवायची, एवढंच मनात होतं. डोंबिवलीला मामेभाऊ आहे, पण आमच्यासाठी त्याने रजा टाकायची हे बरं दिसेना. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पॅकेज घेतलं. त्यात 'गेटवे व्हीआयपी प्रवेश', घारापुरीची लेणी लाँचसकट, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह. अहो, गेटवेला प्रवेश फीच नाही! १९२४ साली खुलं झालेलं ते दार कुणीही फुकट बघतं.

खरी मेख तारखेत होती. मी रविवार मागितला. पॅकेजवाला म्हणाला, "दादा, रविवारी मरणाची गर्दी. सोमवारी या, आई-बाबांना सावकाश चढता येईल." लेण्यांना शंभरावर पायऱ्या आहेत आणि बाबांचे गुडघे दुखतात, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्याने नेमकं तेच धरलं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. दर सोमवारी! आणि आम्ही कौतुकाने कॅलेंडरवर त्याच तारखेला गोल केला. तो फोन आठवला की अजून झोप उडते. आता जो तो म्हणतो, गूगलवर बघायचं होतं. जो माणूस अहो-जाहो करतो, आईच्या गोळ्यांच्या वेळा विचारतो, शिक्का मारलेली पावती पाठवतो, त्याची उलटतपासणी कोण करतं? गाडीसुद्धा पहाटे सीएसएमटीला खरोखर आली होती.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते बघा. आम्हाला ट्रॅव्हल्सचं नाही, एका बाईचं नाव आलं. "मालकीणबाई आहेत," म्हणाला.

गेटवेवर गळ्यात ओळखपत्र घातलेल्या पोराने 'जेटी पास आणि विमा' म्हणून माणशी ३०० घेतले, छापील चिठ्ठ्या दिल्या आणि लाँच लावतो म्हणून गेला. ड्रायव्हर पार्किंगला गेला तो गेलाच. दोघांचे फोन बंद. उन्हात ताटकळल्यावर एका लाँचवाल्याने चिठ्ठ्या बघून सांगितलं, "आज लेणी बंद. आणि असला पास नसतोच." लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे, पुरातत्त्व खात्याचं, १५ वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. लाँचचं तिकीट गेटवेलाच खिडकीवर मिळतं. मध्ये कुणी लागत नाही.

मुंबईतल्या एका चौकीत सांगितलं, "पैसे गावाहून पाठवलेत ना, मग तिकडे तक्रार द्या." सिंधुदुर्गात परत आलो तर इथले साहेब म्हणतात, गुन्हा मुंबईत घडला, तिकडे जा. मग आम्ही राहायचं कुठे, रोह्याला? हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे ठाण्यात कुणी सांगितलं नाही, ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ठाण्यात सांगितलं ते एवढंच, "शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं फसता?" चोराला शोधायचं सोडून माझीच चौकशी! बँकेतल्या बाईंनी मान वर न करता ऐकवलं, "पिन तुम्हीच टाकलात." हो, टाकला. पैसे देताना पिन टाकावाच लागतो, म्हणून चोरी माफ होते का?

पैसे गेल्याचं कळताच उभ्या जागी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, घरी पोचायची वाट बघू नका. राणीची बाग बुधवारी बंद असते, कान्हेरी लेणी सोमवारी, तेव्हा तारीख आपणच ठरवा.

कलम दाखवल्यावर शेवटी तक्रार घेतली, पण फक्त ११,१०० ची. रोख दिलेल्या १,८०० ला म्हणे पुरावा नाही. सहाही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज तयार केलाय, त्याला त्या जोडून देतोय.