भाडेकरूसकट विकलेला फ्लॅट

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला ‘चालू भाडेकरूसह फ्लॅट, पहिल्या महिन्यापासून उत्पन्न’ अशी जाहिरात दिसली तर आधी भाडेकरू तपासा, फ्लॅट नंतर. २०२३ मध्ये मला असाच एक फ्लॅट विकला गेला. टायटल, म्हणजे मालकी हक्क, स्वच्छ होते, बोजा नव्हता, भोगवटा प्रमाणपत्र होते, सोसायटीची ना-हरकतही होती. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून दिला, त्यात काडीची खोट नव्हती. खोटा होता तो भाडेकरू, आणि किंमत सगळी त्याच्यावरच ठरली होती.

दलालाचे गणित असे. एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडे महिना १९,०००, म्हणजे वर्षाला २,२८,०००. “ताई, सोलापुरात साडेपाच टक्के भाडं कुठं सुटतंय सांगा की. वर किंमत वाढंल ती वेगळीच.” २,२८,००० ला साडेपाच टक्क्यांचा हिशेब लावला की साडेएकेचाळीस लाख येतात, आणि विक्रेत्याने तेवढेच मागितले होते. चौरस फुटाचा भाव विचारला की दलाल म्हणायचा, “भाड्याच्या प्रॉपर्टीला फूट नाही लावत, उत्पन्न लावतात.”

इथेच सगळी मेख आहे. या हिशेबात भाडे एका हजाराने फुगवले की किंमत दोन लाख अठरा हजारांनी फुगते. त्या इमारतीत तेव्हा खरे भाडे नऊ-साडेनऊ हजार चालले होते. विक्रेत्याने अकरा महिने पूर्ण भाडे स्वतःच्या खिशातून भरले असते तरी त्याचे २,०९,००० गेले असते. त्याने तर चारच महिने भरले, ७६,०००. बदल्यात बाजारभावापेक्षा आठ-साडेआठ लाख जास्त घेऊन तो मोकळा झाला. नाटक स्वस्तात झाले म्हणायचे.

नाटक म्हणते ते उगाच नाही. फ्लॅट दाखवला तेव्हा आत तीन पोरे होती. दारात सेफ्टी शूज, खिडकीत दोन हेल्मेटे, हॉलमध्ये लोखंडी कॉट. कॉटवरच्या गाद्यांचे प्लास्टिक काढलेले नव्हते. “धूळ लागती ना, म्हणून ठेवलंय,” एक जण म्हणाला. स्वयंपाकघरात शेगडी नव्हती. पोरे मेसला जेवतात असे उत्तर तयार होते. कंपनी चिंचोळी एमआयडीसीत ठेकेदारी करते असे सांगण्यात आले. सोलापूरकराला इथे शंका यावी अशी जागा आहे: चिंचोळी पुणे रोडला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथली माणसे जवळचे बाळे-केगाव सोडून रोज सगळे शहर ओलांडत जुळे सोलापुरातून कशाला जातील? दलाल म्हणाला, “साहेबलोकांना इकडचं पाणी मानवतं.” ज्या गावात तेव्हा नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचे, त्या गावातले हे वाक्य.

आता कर्जाचे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. बँका स्वतःहून त्याहून कमी देतात. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च बहुतेक वेळा या किमतीत धरत नाहीत, तो रोखीने उभा करावा लागतो. दलालाने आधी ३० लाख कर्ज सांगितले, मंजूर झाले २६ लाख ४० हजार. का कमी झाले विचारले, तर “पगारावर तेवढंच बसलं.” खरे कारण वेगळे होते. बँकेच्या मूल्यांकनकाराने फ्लॅटची किंमत ३३ लाख धरली होती, आणि बँक करारातली किंमत व मूल्यांकन यांपैकी जी कमी असेल तिच्यावर कर्ज देते. ३३ लाखांचे ८० टक्के म्हणजे बरोबर २६ लाख ४० हजार. कर्जाची फाइल दलालाच्याच ओळखीच्या एजंटाकडून गेली होती, त्यामुळे मूल्यांकन अहवाल माझ्यापर्यंत येऊ दिला गेला नाही. “तो बँकेचा आतला कागद” असे सांगितले. अहवालाची फी मात्र माझ्याच खात्यातून कापली होती. फी तुम्ही भरता, तेव्हा कर्जाची रक्कम खाली आली की शाखेत स्वतः जाऊन मूल्यांकन किती आले ते विचारा.

खाली पडलेला फरक भरायला दलालाने सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज करून दिले, तेही तासाभरात. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तक्त्यात गृहकर्जाचा हप्ता होता साधारण २३,३००, समोर भाडे १९,०००, खाली ठळक अक्षरात ‘फक्त ४,३०० तुमचे’. त्याच तक्त्यात वैयक्तिक कर्जाचा साडेतेरा हजारांचा हप्ता नव्हता. मेंटेनन्स, घरपट्टी, रिकामे जाणारे महिने यांतलेही काही नव्हते. ‘टॅक्समध्ये तोटा वळता’ अशी एक ओळ मात्र होती, आणि तीही अर्धीच खरी. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, व्याजही वजा होते, पण भाड्यापेक्षा व्याज जास्त झाले की दिसणारा घराचा तोटा पगारातून वजा करायची सोय जुन्या करप्रणालीत आहे, तीही वर्षाला २ लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत पगारातून काही वजा होत नाही.

चार महिने भाडे पाच तारखेच्या आत आले. पाचव्या महिन्यात आले नाही. कंपनीच्या लेटरहेडवरचा नंबर बंद. फ्लॅट उघडला तर कॉटसुद्धा नेलेल्या.

वीजमीटर माझ्या नावावर करायचा राहिला होता, म्हणून जुने लाइट बिल नीट पाहिले गेले. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. ज्या काळात तिघे जण तिथे राहत होते म्हणे, त्या काळात कुठे शून्य, कुठे दोन, मे महिन्यात चार. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, तीन माणसे महिनाभर चार युनिटमध्ये राहिली! वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या, “कंपनीची माणसं? मी तर कधी बघितली नाहीत बाई. त्या दिवशी तेवढं टेम्पोतून सामान आलं होतं.” त्या दिवशी म्हणजे मी फ्लॅट पाहायला गेले त्याच्या आदल्या दिवशी.

मग एकेक धागा सुटत गेला. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होते, पण कंपनीचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्याने तो लेटरहेडवर छापणे बंधनकारक आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. या नावाची कंपनी तिथे नव्हतीच. भाडे येत होते ते कंपनीच्या खात्यातून नाही, एका व्यक्तीच्या खात्यातून. तो विक्रेत्याचा मेहुणा निघाला. भाडे १९,००० च का, तेही नंतर करसल्लागाराने दाखवले: त्या वेळी वर्षाचे भाडे २ लाख ४० हजारांवर गेले की कंपनीला टीडीएस, म्हणजे भाडे देतानाच कर, कापावा लागायचा, आणि मग माझ्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या विवरणात, कापणाऱ्याचे नाव दिसले असते. १९,००० ला तो प्रश्नच येत नाही. योगायोग असेलही. मला तसे वाटत नाही.

दाखवलेला भाडेकरार अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला होता. “अकरा महिन्याला नोंदणी लागत नाही” हे वाक्य सोलापुरात इतक्या जणांकडून ऐकू येते की ते खरेच वाटू लागते. महाराष्ट्रात ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा ठरावीक महिन्यांचा भाडेकरार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर अंगठा लागतो, म्हणजे भाडेकरू हाडामांसाचा असावा लागतो. नोंदलेल्या कराराला दस्त क्रमांक असतो. विक्रेत्याकडे तो मागा. “पुढच्या महिन्यात करून देतो” म्हणाला तर टोकनही पुढच्या महिन्यातच द्या.

पोलीस ठाण्यात आधी “हा दिवाणी वाद आहे” असे ऐकवले. वकिलांनी मेहुण्याच्या खात्याच्या नोंदी, लेटरहेड आणि वीजबिल एकत्र लावून लेखी अर्ज दिला, तेव्हा तो घेतला. दिवाणी दावाही दाखल आहे. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ‘बघू, समजुतीने मिटेल’ म्हणत बसण्यात विक्रेत्याचाच फायदा. त्याचा बचाव असा की भाडे चालू राहील अशी हमी खरेदीखतात कुठेच नाही. ते खरे आहे. खरेदीखतात भाडेकरूचा शब्दसुद्धा नाही. मसुद्यात वकिलांनी तो परिच्छेद घातला होता, दलालाने “बँक उगाच शंका काढंल” म्हणून काढायला लावला. उरला आहे तो व्हॉट्सॲपवरचा तक्ता, आणि आमची सगळी भिस्त आता त्याच्यावर आहे. असे तक्ते, व्हॉइस मेसेज, जाहिरातीचे फोटो पुसू नका. फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

फ्लॅटमध्ये आता एक कुटुंब राहते, भाडे ९,८००, करार नोंदणीकृत. दोन्ही हप्त्यांतला बाकीचा भार पगारावर.

दलालाचा धंदा चालू आहे. मागच्या महिन्यात त्याने माझ्या जावेच्या भावाला विजापूर रोडचा एक फ्लॅट दाखवला, ‘कंपनी भाडेकरू, १९,५००’. मी त्याला मे महिन्याचे लाइट बिल मागायला सांगितले. त्याने मागितले, तेव्हापासून दलाल त्याचा फोन उचलत नाही.