माती शोधली की मोती: वाचनालयाची अॅक्सेस फाइल वेबवर नेण्यासाठी डेटासेट आणि क्लाउडफ्लेअर टनेल

आधी निकाल सांगते. डेटाबेस लोकांना फक्त बघायला द्यायचा असेल तर डेटासेट (डेटाबेसची वेब पानं करून देणारा प्रोग्राम) आणि क्लाउडफ्लेअर टनेल (आपल्या संगणकापर्यंत इंटरनेटवरून वाट करून देणारी सेवा) ही जोडी डोळे मिटून घ्या. डोमेनचं वर्षाचं भाडं सोडलं तर खिशाला चाट नाही. मराठीसाठी मात्र एका जागी हात घालावा लागतो, आणि तो घातला नाही तर चारचौघांत हसं होतं.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं दाखल रजिस्टर मी मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये उतरवलं तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. काउंटरवरचे संगणक बदलत गेले, फाइल तीच राहिली. दाखल क्रमांक, लेखक, वर्गीकरण, सभासद, अनामत, वर्गणी, देवघेव, सगळं त्या एकाच फाइलमध्ये. कार्यवाहांचं म्हणणं एवढंच होतं, "सभासदांना घरी बसून पुस्तक आहे का ते दिसू दे, आणि पैसे मागू नका." वाचनालय अनुदानावर चालतं, त्यामुळे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं.

फाइल उचलून वेब सर्व्हरवर टाकणं ही जुनी खोड आहे. क्लासिक एएसपी या जुन्या वेब तंत्राच्या काळात कितीतरी साइट्सची एमडीबी (अॅक्सेसचा डेटाबेस) फाइल वेबच्याच फोल्डरमध्ये पडलेली असे. पत्ता ओळखला की अख्खा डेटाबेस डाउनलोड. त्या जुन्या फाइलींचा पासवर्ड काढून देणारी साधनंही बाजारात मिळायची. मायक्रोसॉफ्टनं स्वतः अॅक्सेस वेब अॅप्स काढली होती, ती २०१८ मध्ये गुंडाळली. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून अॅक्सेसचा संगणक थेट इंटरनेटला भिडवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मी मूळ फाइलला हातच लावला नाही. रात्री विंडोजचा टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) एक छोटा पायथन प्रोग्राम चालवतो. तो ओडीबीसी या डेटाबेस वाचायच्या जोडणीतून फक्त लागतील तेवढे रकाने वाचतो आणि नवी एसक्यूलाइट फाइल लिहितो (एसक्यूलाइट म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस). लोकांसाठीच्या फाइलमध्ये सभासदांचं टेबल नाहीच. जे तिथे नाहीच ते चोरीला कसं जाईल? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली खरी सुरक्षा इथेच आहे, बाकीचं कुलूपकिल्ली. (ऑफिस ३२ बिटचं आणि पायथन ६४ बिटचा असेल तर अॅक्सेस वाचायचा ड्रायव्हर सापडतच नाही. हे आधी तपासा, डोकेदुखी वाचेल.)

आता डेटासेट. सायमन विलिसन यांनी २०१७ मध्ये काढलेला हा मुक्त प्रोग्राम. वेबसाइट बांधायची जँगो ही चौकट घडवणाऱ्यांपैकी ते एक. एसक्यूलाइटची फाइल दाखवली की डेटासेट तिची वेब पानं करून देतो. शोध, चाळणी, रकान्यांप्रमाणे गट, एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल, सगळं आयतं. फाइल 'बदलणार नाही' अशा बोलीवर उघडता येते, मग वेबवरून लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय डेटाबेसकडची एखादी चौकशी (क्वेरी) एका सेकंदापेक्षा जास्त रेंगाळली तर तो ती आपणहून तोडतो. जुन्या मिनी पीसीलाही हे झेपतं. एक खोच आहे: चालू असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही, म्हणून रात्री डेटासेट थांबवायचा, फाइल बदलायची, पुन्हा चालू करायचा. तीन ओळींची बॅच फाइल पुरते.

आणि मग आला मराठीचा घोळ. शोधात 'माती' टाकलं आणि पडद्यावर 'मोती' असलेली शीर्षकंही आली! कारण समजल्यावर डोक्याला हात लावला. एसक्यूलाइटचा शब्दशोध मूळ ठरलेल्या सेटिंगमध्ये अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक पद्धतीत) 'चिन्हं' म्हणून नोंदलेले, त्यामुळे तिथे तो शब्द तोडतो. 'कादंबरी'चे तुकडे होतात क, द आणि बर. माती आणि मोती दोघांचेही म आणि त. उपाय एका ओळीचा आहे: शोधाचं टेबल बनवताना युनिकोड ६१ या टोकनायझरला (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला) एमसी आणि एमएन हे चिन्हांचे दोन वर्गही शब्दातच धर असं सांगायचं. हे टेबल मी हातानं एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) लिहून बनवलं.

तरी विभक्ती आहेच. 'कविता' टाकलं तर 'कवितांचा' सापडत नाही. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावून शोधायची सोय एसक्यूलाइटमध्ये आहे, पण डेटासेट ती मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवतो, टेबलापुरती चालू करावी लागते. 'घोडा'वरून 'घोड्याचा' मात्र ताऱ्यानंही येत नाही. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. सुरुवातीच्या काही वर्षांच्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या वेबवर इंग्रजी कचऱ्यासारख्या दिसतात. कन्व्हर्टरनं बहुतेक काम होतं, पण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात नेमके हेच घसरतात. 'वर्ष'सारखे शब्द असलेल्या नोंदी डोळ्यांखालून घालाव्याच लागल्या.

टनेलचं काम त्या मानानं सरळ. डेटासेट मुळात फक्त स्वतःच्याच संगणकाला उत्तर देतो, ८००१ पोर्टवर. क्लाउडफ्लेअरचा छोटा प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून बसतो आणि आतून बाहेर जोडणी करतो. राउटरला हात लावायचा नाही, स्थिर आयपी नको, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही तेच बघतात. वाचनालयात मोबाइल नेटवर्कवरचं इंटरनेट आहे, तिथे बाहेरून आत यायला वाटच नसते. तरी हे चालतं.

थकीत पुस्तकांची यादी ग्रंथपालबाईंना आणि कार्यवाहांना घरून बघायची होती. ती वेगळी फाइल, वेगळं पोर्ट, आणि समोर क्लाउडफ्लेअरचं राखणदार पान. ठरलेला ईमेल टाकला की त्यावर कोड येतो, दहा मिनिटं चालतो. पन्नास जणांपर्यंत फुकट, पण नोंदणी करताना कार्ड मागतात, कमिटीत त्यावरूनच जास्त चर्चा झाली. एक गंमत लक्षात ठेवा: यादीत नसलेला ईमेल टाकला तरी पडद्यावर 'कोड पाठवला' असाच मजकूर येतो. परक्याला कोणता पत्ता चालतो ते कळू नये म्हणून. बाईंनी जीमेलमध्ये एक अक्षर कमी टाइप केलं आणि मला फोन, "अहो ताई, तुमचा कोड काही येत नाही हो!"

उणिवाही ऐका. मधला प्रवास क्लाउडफ्लेअरच्या हातून होतो, म्हणजे एनक्रिप्शन त्यांच्याकडे उघडून पुन्हा बंद होतं. त्यांना सगळं दिसू शकतं. म्हणून थकीत यादीतूनही मी मोबाइल नंबर काढून टाकले, सभासद क्रमांक आणि नाव पुरे. ते कोसळले की आपणही गेलो. १८ नोव्हेंबर २०२५ ला जगभरातल्या मोठमोठ्या साइट्स त्यांच्यामुळे बंद पडल्या. कारण त्यांनीच नंतर जाहीर केलं. एका डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची फाइल दुप्पट फुगली आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रामनं मान टाकली. आमच्याकडे त्याहून नेहमीचं संकट म्हणजे वीज. संगणक बंद असला की सभासदांना १०३३ क्रमांकाची एरर दिसते. आता तो पीसी इन्व्हर्टरवर आहे.

पानं इंग्रजीत असतात. टेम्प्लेट बदलून मी बटणं मराठीत केली. जमणारं माणूस नसेल तर ती तशीच राहतील, आणि वयस्कर सभासदांना ते जड जातं. घरबसल्या पुस्तक राखून ठेवायची सोयही यात नाही. ती हवी असेल तर अॅक्सेस सोडून रीतसर ग्रंथालय प्रणालीकडे वळा.

लोकांना पत्ता देण्याआधी डेटासेटमधल्या दोन सोयी बंद करा. कुणालाही मनाला येईल ती एसक्यूएल चालवू देणारी एक आणि अख्खी फाइल डाउनलोड करू देणारी दुसरी. मूळ सेटिंगमध्ये दोन्ही चालू असतात, कारण हा प्रोग्राम खुल्या माहितीसाठी बनला आहे. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून साइट उघडा, पत्त्यात डेटाबेसच्या नावापुढे टिंब आणि डीबी लिहून बघा. फाइल उतरायला लागली तर अजून पत्ता कुणाला देऊ नका.