कायदा कशाने हलतो: कथापटाने की माहितीपटाने?

'सायलेन्स्ड' हा कथापट दक्षिण कोरियात सप्टेंबर २०११ मध्ये लागला आणि पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा बदलला. १३ वर्षांखालील मुले आणि अपंग महिलांवरील लैंगिक अत्याचारांना खटल्याची कालमर्यादा उरली नाही. ग्वांगजू शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतील लैंगिक अत्याचारांचे, चित्रपटात दाखवलेले प्रकरण खरे होते, आरोपींना झालेल्या सौम्य शिक्षा सर्वांसमोर होत्या. संतापाला बोट ठेवायला नेमकी तरतूद मिळाली. वेगाचे खरे कारण हेच.

'ब्लॅकफिश' हा बंदिस्त ऑर्कांवरचा २०१३ चा अमेरिकी माहितीपट. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये ऑर्का या सागरी सस्तन प्राण्यांच्या खेळांविरुद्ध विधेयक आले, पण आणखी अभ्यास हवा म्हणून रखडले. आधी प्रेक्षक बिथरले. ऑर्कांचे खेळ दाखवणाऱ्या सीवर्ल्ड या सागरी उद्यानांच्या कंपनीने मार्च २०१६ मध्ये ऑर्कांचे प्रजनन थांबवले आणि त्यानंतरच, त्याच वर्षी, कायदा झाला.