बारावीनंतर नाच: पुणे की बंगळूर?

बेळगाव-खानापूरकडच्या मुलांना भाषेमुळे पुणं जवळचं वाटतं. तिथल्या विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक, भरतनाट्यममध्ये पदवी मिळते. पुढे शिकवायचं असेल तर ती कामी येते. कंटेम्पररीच, म्हणजे आधुनिक धाटणीचा नाच करायचा, तर मात्र रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बंगळूरच गाठावं. १९९२ साली सुरू झालेल्या अट्टक्कलरी या नृत्यसंस्थेने तिथे कलरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेची जोड देऊन शिकवण्याची वाट पाडली.

भरतनाट्यम केलेल्यांचं कंटेम्पररीत अडतं ते जमिनीवर पडताना. पाठ ताठ, श्वास रोखलेला, आणि आधी गुडघाच आपटतो. श्वास सोडत पोटरीची बाहेरची बाजू टेकवावी, मग मांडी, नितंब, शेवटी खांदा. उड्यांचा सराव घरच्या शहाबादी फरशीवर अजिबात नको; नडग्या भरून येतात, महिनाभर नाच बंद.